मादी उलटतेय, पण दोष नराचा तर नाही? तपासणी आणि खर्चाचा हिशेब

दहा माद्यांमागे एक नर, हे वराहपालनातलं नेहमीचं प्रमाण. राष्ट्रीय पशुधन अभियानातून ५० माद्यांचा प्रकल्प घेतला तर सोबत ५ नर धरलेले असतात, १०० माद्यांना १०. एक मादी वांझ निघाली तर एका वेताचं नुकसान होतं. नरातच दोष असेल तर दहाच्या दहा माद्या रिकाम्या राहतात. तरीही संशय बराच काळ माद्यांवरच राहतो, कारण पुन्हा माजावर येताना दिसते ती मादी. नर खातोपितो, उडी घेतो, अंगाने भरलेला दिसतो. त्याच्याकडे कोणाचं लक्ष जात नाही.

आधी न तपासण्याचा खर्च मांडू. मादी दिवसाला अडीच किलो खाद्य खाते आणि खाद्य ३० रुपये किलो पडतं असं धरा. रोजचे ७५ रुपये झाले. एक माज हुकला की २१ दिवस गेले, म्हणजे मादीमागे १,५७५ रुपये, दहा माद्यांचे १५,७५०. पहिल्या वेळी ‘हवा बदलली असेल’ म्हणून सोडून दिलं आणि दुसऱ्या वेळी लक्षात आलं, तर ३१,५०० रुपये नुसत्या खाद्यात गेले. यात मजुरी नाही, कर्जाचा हप्ता नाही, दीड महिना उशिरा विक्रीला जाणारी पिल्लंही नाहीत. आपल्या खाद्याचा दर घालून हा हिशेब प्रत्येकाने एकदा करून पाहावा. नराची जवळजवळ पूर्ण तपासणी साधारण ३ ते ६ हजारांत होते, आणि तिचा सर्वांत उपयोगी भाग तर जवळपास फुकट आहे.

या लेखातले रुपये बजेट बांधण्यापुरते आहेत. तालुक्यागणिक, डॉक्टरांच्या अंतरागणिक आणि प्रयोगशाळेगणिक ते बदलतील. कोणतंही काम सुरू करण्याआधी आकडा विचारून घ्यावा. चांगला पशुवैद्यक तो न रागावता सांगतो.

पहिली तपासणी वहीत होते

खर्च एका वहीचा. मादीचा क्रमांक, नराचा क्रमांक, भरवल्याची तारीख, नर किती वेळ वर होता, आणि मादी पुन्हा माजावर आली तर ती तारीख, एवढं लिहिलेलं असेल तर डॉक्टर शेडमध्ये पाऊल टाकण्याआधीच निम्मं निदान झालेलं असतं.

सगळ्या माद्या १८ ते २४ दिवसांत उलटत, म्हणजे पुन्हा माजावर येत, असतील तर गर्भधारणाच झालेली नाही. अशा वेळी नराचं वीर्य आणि भरवण्याची वेळ, दोन्ही तपासावं लागतं. २५ ते ३७ दिवसांनी, वेळापत्रकाबाहेर उलटत असतील तर गर्भ राहून मग गेला असण्याची शक्यता जास्त. तिथे जंतुसंसर्ग, उष्णता किंवा बुरशी लागलेलं खाद्य यांच्याकडे आधी बघायचं. गाभण राहिल्या पण पिल्लं कमी पडतात, हेही नराचंच लक्षण असू शकतं. वीर्य अगदी वाया गेलेलं नसलं तरी शुक्रजंतू कमी पडतात आणि वेत लहान होतं. एकच मादी पुन्हा पुन्हा उलटत असेल आणि तोच नर इतर माद्यांना गाभण करत असेल, तर नरावर एक रुपयाही घालू नका.

शेडमध्ये दोन नर असतील तर तुलना आपोआप होते. एकच असेल तर पुढच्या माजावर दोन-तीन माद्या कृत्रिम रेतनाने भरवाव्यात. त्या राहिल्या आणि नराच्या उलटल्या, तर उत्तर मिळालं. सामान्य रेतनाच्या डोसमध्ये अडीच ते तीन अब्ज शुक्रजंतू असतात आणि तो १७ अंश सेल्सिअसच्या आसपास सांभाळावा लागतो, म्हणून डोसाच्या किमतीपेक्षा वाहतुकीचा आणि थंड पेटीचा खर्च आधी विचारावा. फ्रीजमध्ये ठेवलेला डोस बाद होतो. वराहाचं वीर्य १५ अंशांखालची थंडी सहन करत नाही.

डोळ्यांनी आणि हातांनी

नर चालताना पाहा. मागच्या पायांवर भार देतो का, खूर फाटलेला आहे का, सांधा सुजलाय का. उडी घ्यायला नकार देणारे कितीतरी नर पायाने दुखावलेले असतात, आणि त्यांना ‘जोर नाही’ म्हणून इंजेक्शनं टोचली जातात. ओल्या, खरखरीत काँक्रीटवर उभ्या राहणाऱ्या जड नराचे खूर लवकर झिजतात. इथे उपाय फरशीचा आहे, औषधाचा नाही.

मग तापमान. निरोगी प्रौढ नराचं साधारण १०१ ते १०३ फॅरनहाइट असतं. डिजिटल थर्मामीटर १०० ते २५० रुपयांना मिळतो आणि तो प्रत्येक वराहपालकाकडे हवा. कोणत्याही कारणाने आलेला ताप, अगदी पायाच्या गळवाचाही, वीर्य बिघडवू शकतो.

नंतर वृषण. नर खात असताना मागून उभं राहून पाहावं. दोन्ही आहेत ना, साधारण एका आकाराचे आहेत ना. थोडा फरक चालतो, डोळ्यात भरणारा फरक चालत नाही. हात लावल्यावर वृषण घट्ट पण लवचिक लागतात. दगडासारखा कडक वृषण जुन्या सुजेची खूण, आणि पिलपिलीत लागणारा वृषण आतून खंगत चाललेला असू शकतो. वराहाचा वृषण तिरका उलटा बसलेला असतो, त्यामुळे अधिवृषणाची शेपटी, म्हणजे तयार शुक्रजंतूंचा साठा, वरच्या टोकाला, गुदद्वाराच्या बाजूला बोटांना लागते. तिथे गाठ किंवा दुखरेपणा असेल तर ती बाब डॉक्टरांना आवर्जून सांगावी. बरेच जण हात फक्त खाली लावतात आणि नेमकी हीच जागा राहून जाते.

एकच वृषण दिसत असेल तर दुसरा पोटात अडकलेला आहे. हा दोष आनुवंशिक आहे. असा नर एका वृषणावर माद्या गाभणही करतो, आणि म्हणूनच तो घातक. दोष पिल्लांत उतरतो, आणि खच्ची केला म्हणून विकलेल्या पिल्लाच्या पोटात वृषण राहिला तर मांसाला उग्र वास येतो. वृषणकोशात मऊ फुगवटा असेल, दाबल्यावर आत जात असेल, तर आतडं उतरलेलं आहे, म्हणजे हर्निया. हाही वंशात जातो. दोन्हींवर शस्त्रक्रिया होते, पण प्रजननासाठी तिच्यावर पैसे घालू नयेत. असा नर कळपातून काढणं हाच योग्य खर्च.

शिश्न मात्र असं सहज दिसत नाही. ते तपासायची खरी वेळ नर उडी घेतो तेव्हाची. शिश्नाचं टोक मळसूत्री असतं, पूर्ण बाहेर येतं आणि सरळ राहतं. खालच्या बाजूला कातडीचा एक धागा टोकाला बांधून ठेवत असेल तर शिश्न वाकडं होतं आणि मादीत जातच नाही. तरुण नरात हा दोष आढळतो आणि कापून सुटतो. दुसरी अडचण शिश्नाच्या आवरणातल्या पिशवीची. शिश्न त्या पिशवीत वळून गोळा होतं आणि नर तिथेच गळतो. बाहेरून सगळं ठीक दिसतं, माद्या मात्र उलटत राहतात. तिसरी अडचण जखमेची. एका खोलीत अनेक नर ठेवले की ते एकमेकांवर चढतात, चावतात. शिश्नावरच्या छोट्या जखमेतून वीर्यात रक्त उतरतं. अशा नराला दोन ते चार आठवडे पूर्ण विश्रांती द्यावी, वेगळं ठेवावं आणि मग पुन्हा पाहावं.

या तपासणीला खाजगी डॉक्टर येतात तेव्हा भेटीचे ३०० ते १,००० रुपये आणि पेट्रोल धरावं. सरकारी पशुवैद्यकीय दवाखान्यात नाममात्र शुल्क असतं. फिरत्या पथकासाठी १९६२ हा टोल-फ्री क्रमांक आहे. फोन करताना ‘डुक्कर आजारी आहे’ एवढंच सांगू नका. ‘प्रजननाचा नर आहे, वीर्य तपासायचं आहे’ असं सांगितलं तर येणारा माणूस तयारीनिशी येतो.

सुरक्षेबद्दल इथेच सांगून ठेवतो. प्रौढ नर दोनशे किलोंच्या पुढे जातो आणि त्याच्या सुळ्यांनी मांडी फाटते. हातात नराला अडवायची पाटी असल्याशिवाय आत जाऊ नये, भिंत आणि नर यांच्यामध्ये उभं राहू नये, बाहेर पडायची वाट मोकळी ठेवावी. भूल किंवा शामक द्यायची वेळ आली तर ‘हा प्रजननाचा नर आहे’ हे डॉक्टरांना आठवणीने सांगावं. एसप्रोमेझीनसारख्या काही शामकांनी शिश्न बाहेर लोंबत राहण्याचा धोका असतो, आणि मग बऱ्या नराचं कायमचं नुकसान होतं.

वीर्य तपासणी: पैसे इथे घाला

सगळ्या तपासण्यांपैकी एकीवरच पैसे घालायचे असतील तर माझं मत स्पष्टपणे हिच्या बाजूने आहे. पाच-दहा पालकांच्या गटाने मिळून सामान घेतलं तर ते वर्षानुवर्षं पुरतं. ४० पटींचं भिंग असलेला विद्यार्थी वापराचा सूक्ष्मदर्शक ६ ते १५ हजारांत मिळतो. काचपट्ट्या आणि झाकणकाचा मिळून दीड-दोनशे. हातमोज्यांचा १०० चा डबा ३०० ते ७०० रुपये. पाचशे मिलिची थर्मास बाटली ४०० ते ९००, आणि गाळायला स्वच्छ गॉज. चढायला लाकडी घोडा गावातला सुतार करून देतो. स्वतःचं सामान नसेल तर पशुवैद्यकीय महाविद्यालयाच्या प्रजनन विभागात ही तपासणी करून घेता येते. तिथे नमुना पोचेपर्यंत तो जगवायचा कसा, हीच खरी अडचण असते. म्हणून शक्य असेल तर नरच घेऊन जावा, नाहीतर डॉक्टरांना सूक्ष्मदर्शकासह बोलवावं.

हातमोजे व्हिनाइलचे किंवा नायट्राइलचे घ्या, पावडर नसलेले. लॅटेक्सचे हातमोजे शुक्रजंतूंना मारक असतात. दोन जोड एकावर एक घालतात. वरच्या जोडाने आवरणातलं साठलेलं लघवीमिश्रित पाणी पिळून काढायचं, तो जोड फेकायचा, आणि खालच्या स्वच्छ हाताने शिश्नाचं मळसूत्री टोक घट्ट धरायचं. नराला हाच दाब लागतो. तो पाच ते दहा मिनिटं, कधी जास्त वेळही घेतो. घाई केली की नमुना अर्धवट मिळतो आणि निदान चुकतं.

पहिला भाग पाण्यासारखा, त्यात घाण आणि लघवी येते, तो सोडून द्यावा. मग येतो दुधट पांढरा दाट भाग, शुक्रजंतू त्यातच असतात. शेवटी पुन्हा पातळ द्रव आणि साबुदाण्यासारखा जेल. तो गॉजवर अडतो, वीर्यात मिसळू द्यायचा नाही. जेल काढून साधारण १५० ते ३०० मिलि वीर्य मिळतं. गुलाबी छटा म्हणजे रक्त. पिवळट रंग आणि वास म्हणजे लघवी किंवा पू. पू दिसला तर सूक्ष्मदर्शकाची वाट न पाहता नराला वेगळं काढावं.

आता जिथे सर्वांत जास्त नर अन्यायाने बाद होतात ती जागा. वीर्य ३७ अंशांवर बाहेर येतं. थंड थर्मास, थंड काचपट्टी, धुऊन नीट न खळखळलेलं साबणाचं भांडं, एक थेंब पाणी किंवा थेट ऊन, यांपैकी काहीही लागलं की शुक्रजंतू थबकतात किंवा मरतात. सूक्ष्मदर्शकाखाली ते मेलेले दिसतात आणि नर ‘निकामी’ ठरतो. हिवाळ्यात सकाळी सात वाजता शेडमध्ये हे हमखास घडतं. म्हणून थर्मास आधी कोमट पाण्याने तापवून कोरडा करावा, काचपट्ट्या कोमट पाणी भरलेल्या चपट्या स्टीलच्या डब्यावर ठेवाव्यात आणि पहिला थेंब दोन-तीन मिनिटांत पाहावा. खराब निकाल आला तर पहिला प्रश्न असा विचारावा: काचपट्टी गरम होती का?

कमी पटीवर हालचाल पाहायची. शंभरातले सत्तर किंवा अधिक शुक्रजंतू पुढे सरकत असतील तर नर चालतो. ५० च्या खाली असतील तर काळजी. मग जास्त पटीवर आकार पाहायचा: वळलेल्या शेपट्या, तुटलेली डोकी, मानेजवळ चिकटलेला थेंब. मानेजवळचे थेंब जास्त असतील तर शुक्रजंतू पुरते पक्व न होताच बाहेर येत आहेत. नर कोवळा असेल किंवा त्याला रोज जुंपलं जात असेल तर असं होतं. सदोष शुक्रजंतू शंभरात २० ते २५ च्या आत असावेत. इओसिन-निग्रोसिनचा रंग दिला की जिवंत आणि मेलेले वेगळे दिसतात. त्याचा खर्च किरकोळ, पण हात बसलेला माणूस हवा.

संख्या मोजायला रक्तपेशी मोजण्याची काच चालते, ती ५०० ते १,५०० रुपयांत येते. २०० मिलि वीर्यात प्रत्येक मिलिला २५ कोटी शुक्रजंतू असतील तर एकूण ५० अब्ज झाले. निरोगी प्रौढ नराची ही रास ३० ते १०० अब्जांच्या दरम्यान असते. नुसतं ‘पातळ आहे’ म्हणून नाक मुरडण्यात अर्थ नाही. जास्त मापाचं वीर्य पातळ दिसतं, तरी एकूण संख्या भरते.

डॉक्टरांकडून करून घेतलेल्या संपूर्ण वीर्य तपासणीला, भेट धरून, १ ते २ हजारांची तयारी ठेवावी. पण ती एकदा करून थांबू नये. शुक्रजंतू तयार होऊन बाहेर पडायला सुमारे ६ ते ७ आठवडे लागतात. आज दिसणारं वीर्य हे दीड महिन्यापूर्वीच्या वृषणाचं काम आहे. विदर्भात, मराठवाड्यात एप्रिल-मे तापतो तेव्हा नराला झळ बसते, आणि वीर्य बिघडलेलं दिसतं ते मे-जूनमध्ये. पाऊस पडून गारवा आला, नर मजेत आहे, तरी माद्या उलटतात. असा नर विकून टाकणं म्हणजे पैसे फेकणं. आठवड्याच्या अंतराने दोन नमुने घ्यावेत, दोन्ही खराब आले तर कारण शोधून दूर करावं आणि ६-७ आठवड्यांनी तिसरा घ्यावा. निकाल त्याच्यावर द्यावा.

उन्हाचा उपाय स्वस्त आहे: छपरावर पाचट, फवारा, पंखा, दुपारी सावली. तापमान आठवडेच्या आठवडे २७-२९ अंशांच्या वर राहिलं की नराचं वीर्य घसरू लागतं. आपल्याकडे चार महिने तेवढं तापतंच. पंख्यावर खर्च केलेले दोन-तीन हजार हे मला नरावरच्या कोणत्याही औषधापेक्षा मोलाचे वाटतात.

रक्त तपासायला कधी द्यायचं

वृषण अचानक सुजला, गरम लागला, नराला ताप आला, किंवा कळपात गर्भपात आणि मेलेली पिल्लं दिसू लागली, तर वीर्याच्या आधी रक्त. इथे दोन रोग मुख्य. ब्रुसेला सुइस वृषणात आणि अधिवृषणात बसतो, वीर्यातून माद्यांत जातो, आणि पुष्कळदा नराच्या अंगावर काहीच दिसत नाही. तो माणसालाही होतो. गर्भपाताचं काही उघड्या हाताने उचलू नये, गमबूट आणि हातमोजे वापरावेत, घरातल्या गरोदर बाईला त्या कामापासून लांब ठेवावं. जपानी मेंदूज्वराचा विषाणू क्युलेक्स डासांतून येतो. पहिलटकर माद्यांना मेलेली, वाळलेली पिल्लं होणं आणि त्याच वेळी नराचे वृषण सुजणं, हे पावसाळ्यात एकत्र दिसलं तर त्याचा संशय घ्यावा.

ब्रुसेलाची रोज बेंगॉल चाचणी स्वस्त आणि झटपट आहे. पण वराहात एकट्या जनावराच्या रक्तावर ती पूर्ण भरवशाची नाही. एक नमुना ‘नाही’ आला म्हणून निर्धास्त होऊ नये, कळपातल्या अनेक जनावरांचे नमुने एकत्र पाठवावेत. पैसे जास्त लागतात, पण उत्तर खरं मिळतं. ब्रुसेला निघाला तर उपचारावर खर्च नको. प्रतिजैविकांनी नर बरा दिसू लागतो आणि रोग पसरवत राहतो. तो काढावाच लागतो, आणि कसा काढायचा हे सरकारी डॉक्टरांना विचारून.

पीआरआरएस, म्हणजे वराहांच्या प्रजनन आणि श्वसनाच्या रोगाचा विषाणूही वीर्यातून पसरतो. भारतात त्याची पहिली नोंद २०१३ मध्ये मिझोराममध्ये झाली. शास्त्रीय वराह ज्वर, म्हणजे स्वाइन फीव्हर, लसीने टळतो. लसीकरणाची नोंद पाहावी, चाचणी त्यानंतर. आफ्रिकन स्वाइन फीव्हर भारतात २०२० मध्ये ईशान्येत शिरला आणि त्यावर आपल्याकडे वापरात असलेली लस नाही. म्हणून भाड्याने नर आणणं, आपला नर गावभर फिरवणं, हे आता परवडणारं राहिलेलं नाही. भाड्याचे चार पैसे वाचवताना अख्खा कळप जातो.

सरकारी प्रयोगशाळेत रक्ताची चाचणी नाममात्र दरात किंवा विनाशुल्क होते. पुण्यात औंधला पशुसंवर्धन विभागाचा रोग अन्वेषण विभाग आहे. नमुना तालुक्याच्या डॉक्टरांमार्फत, पत्रासह पाठवला तर लवकर लागतो. खाजगी प्रयोगशाळेत प्रतिपिंडाच्या चाचणीला नमुन्यामागे काही शे ते हजार आणि पीसीआरला १ ते ३ हजार धरावेत. रक्त ५ ते १० मिलि, वेगळा झालेला सीरम बर्फावर. वाटेत गरम झालेल्या नमुन्याचे पैसे भरूनही उत्तर मिळत नाही.

सोनोग्राफी आणि शस्त्रक्रिया

सोनोग्राफी सर्वांनाच लागत नाही. वृषण मोठा झालाय पण पाणी साठलंय, सूज आहे की आतडं आहे हे हाताने कळत नसेल, तेव्हा तिचा उपयोग. निरोगी वृषण पडद्यावर सारखा करडा दिसतो, मधून एक उजळ रेघ जाते. काळे डाग किंवा काळी कडा दिसली तर द्रव आहे. यंत्र डॉक्टरांकडे असेल तर ५०० ते १,५०० रुपयांत काम होतं. त्यांच्याकडे माद्यांच्या गर्भतपासणीचं यंत्र आहे का, एवढं विचारा. तेच यंत्र इथेही चालतं.

शिश्नाचा बांधलेला धागा कापणं आणि त्रास देणारी पिशवी काढणं, या दोन शस्त्रक्रिया. पहिली सोपी. भूल, औषध आणि दोन भेटी धरून दोन-तीन हजार बाजूला ठेवावेत. दुसरी मोठी आहे, महाविद्यालयाच्या दवाखान्यात करावी, आणि नर उत्तम वंशाचा असेल तरच. २५-३० हजारांना नवा नर मिळत असताना साध्या नरावर आठ-दहा हजार घालायचे की नाही, हा निर्णय भावनेवर सोडू नये. एक वृषण रोगट आणि दुसरा चांगला असेल तर रोगट काढून नर काही काळ वापरता येतो, पण ब्रुसेला नाही याची खात्री झाल्यानंतरच.

कशावर पैसे घालू नयेत

टेस्टोस्टेरॉनच्या इंजेक्शनांवर. ‘ताकद येईल’ म्हणून ती दिली जातात. बाहेरून आलेल्या टेस्टोस्टेरॉनमुळे मेंदूकडून वृषणाला येणारा इशारा मंदावतो आणि शुक्रजंतू तयार होणं उलट कमी होतं. नर चढतो, माद्या मात्र रिकाम्या. निदान न करता दिलेल्या प्रतिजैविकांवरही पैसे नकोत, आणि रक्त घेण्याआधी दिली तर खऱ्या रोगाच्या खुणाही धूसर होतात. टॉनिकच्या बाटल्यांऐवजी खाद्यातलं खनिज मिश्रण, जीवनसत्त्व ई आणि सेलेनियम तपासा. आणि मक्याच्या पोत्यात हात घालून वास घ्या. बुरशी आलेल्या मक्यात झिअरॅलेनोन नावाचं विष असू शकतं, ते मादीच्या संप्रेरकासारखं वागतं. नराची इच्छा मंदावते, वृषण आक्रसू शकतात, आणि त्याच खाद्याने कोवळ्या माद्यांची योनी सुजते. दोन्ही एकदम दिसलं तर आधी पोती बदला.

कामाचा ताणही तपासा. कोवळा नर आठवड्यातून एकदा, प्रौढ नर दोनदा, एवढं काम पुरेसं. पाच माद्या एकाच आठवड्यात माजावर आल्या म्हणून रोज जुंपलेला नर तिसऱ्या-चौथ्या मादीला अर्धवट तयार शुक्रजंतू देतो. त्यावर दोन आठवड्यांच्या विश्रांतीचा उपाय आहे, तिला पैसे लागत नाहीत.

विकत घेतानाच तपासा

नर आठ महिन्यांचा झाल्यावर त्याच्या वीर्याचा अंदाज येतो. त्याआधी घेतला तर विश्वासावर घेतला. विकणाऱ्याला लेखी विचारा: दोन वृषण उतरलेले आहेत का, भावंडांत हर्निया किंवा अडकलेला वृषण निघाला आहे का, ब्रुसेलाची चाचणी कधी झाली, स्वाइन फीव्हरची लस कधी दिली, आणि वीर्य चाचणीत नापास ठरला तर बदलून देणार का. पावतीवर नराचा कानातला बिल्ला क्रमांक हवा. विमा घेत असाल तर कायमचं प्रजनन सामर्थ्य गेल्यावर भरपाई आहे की फक्त मृत्यूवर, हे पॉलिसीत वाचून घ्या, एजंटच्या शब्दावर जाऊ नका.

आणलेला नर ३० ते ६० दिवस वेगळा ठेवावा. तेवढ्यात रक्ताचा अहवाल येतो, दोन वीर्य नमुने होतात, आणि नर नव्या जागी रुळतो. या काळातलं खाद्य रोज ७५ रुपयांनी दोन महिन्यांचं ४,५०० रुपये होतं. हा पैसा किमतीतच धरलेला असावा.

गोव्यातल्या वाचकांसाठी जुने गोवे इथल्या केंद्रीय किनारी कृषी संशोधन संस्थेकडे वराह प्रजननाबद्दल विचारणा करणं सोयीचं. आगोंद गोवन ही नोंदणीकृत देशी जात सांभाळणाऱ्यांनी तर करावीच. देशी जातीत निरोगी नर आधीच थोडे असतात, एक चुकीने खाटकाकडे गेला तरी नुकसान पैशांपलीकडचं आहे. महाराष्ट्रात मुंबई, नागपूर, परभणी, शिरवळ आणि उदगीर इथल्या पशुवैद्यकीय महाविद्यालयांचे प्रजनन विभाग जवळचे. आसामात गुवाहाटीजवळ राणी इथलं राष्ट्रीय वराह संशोधन केंद्र कृत्रिम रेतनाचं प्रशिक्षणही देतं.

तीन नमुने खराब आले, कारण सापडलं नाही किंवा सापडून दूर होणारं नाही, तर नर काढायचा. पण तो ज्या दिवशी निघेल त्या दिवशी नवा नर कामाला उभा राहत नाही, मध्ये विलगीकरणाचे एक-दोन महिने आहेत. म्हणून दुसरा नमुना खराब येताच नव्या नराची चौकशी आणि रेतनाच्या डोसची मागणी दोन्ही सुरू करावी. प्रौढ नराच्या मांसाला वास असल्याने खाटीक किलोमागे कमी भाव देतो, हेही हिशेबात धरावं. रोगामुळे काढलेला नर मात्र बाजारात किंवा शेजाऱ्याच्या शेडमध्ये जाऊ देऊ नये, मग भाव कितीही मिळो.